डेला कुणाची

लीफ क्रीक, स्टिलवेलजवळ
३ मार्च १९९४

चि. वायनीमा,

तू मला ओळखत नाहीस. मी जिन्सी ब्लॅकफॉक्स. तुझी आई आणि मी एकाच कुळातल्या, पक्षीकुळातल्या. म्हणजे तू माझी भाची लागतेस, तुला ठाऊक असो वा नसो. टालेक्वात जाऊन राहिलेल्यांना कुळं विसरायला होतं असं ऐकलंय, म्हणून नातं आधीच सांगून टाकते. तू वकील झालीस आणि गरिबांची कामं फुकट करतेस असंही ऐकलंय. दोन्ही खरं असेल तर पुढे वाच.

माझी नात डेला. माझ्या वेस्लीची मुलगी. तिची आई केंड्रा, आर्कान्सातली, गोरी. डेला अकरा महिन्यांची असताना केंड्राने तिला माझ्या दारात आणून ठेवलं आणि म्हणाली, 'दोन आठवडे सांभाळा.' ते दोन आठवडे तीन वर्षं चालले. मधे वेस्ली गेला. कोंबड्यांच्या ट्रकने त्याला रस्त्यावर उडवलं, दोन वर्षं झाली त्याला. केंड्रा मातीलाही आली नाही. पण गेल्या ऑक्टोबरात आली, लाल गाडीतून, सोबत केक घेऊन. म्हणाली, 'वाढदिवसाला माझ्या आईकडे नेते, रविवारी आणून सोडते.' आई आहे ती, मी अडवणार कोण? डेलाच्या पायात मी मोजे चढवले आणि पाठवली.

रविवार गेला. असे कितीतरी गेले. आता केंड्राच्या आईने, तिला काय वाटलं कोण जाणे, मला एका कागदाची प्रत पाठवली आहे. पलीकडच्या, आर्कान्साच्या कोर्टाने डेला कुणा नवराबायकोला दत्तक देऊन टाकली. त्यांच्याकडे पोहण्याचा तलाव आहे म्हणे. आमच्याकडे अख्खा ओढा होता.

मी स्वस्थ बसले नाही. शेरीफकडे गेले तर तो म्हणाला, 'जिन्सी, तुझं घर इंडियन जमिनीवर. तिथे माझं काही चालत नाही.' आपल्या चेरोकी राष्ट्राच्या पोलिसाकडे, मार्शलकडे गेले. पोरगा भला, कॉफी दिली. म्हणाला, 'मावशी, ती बाई गोरी, आणि गेली राज्याच्या हद्दीपलीकडे. तिथे मला कोण विचारतो?' पलीकडे गेले तर खिडकीतली बाई म्हणाली, 'मुलीचा ताबा तुम्हाला दिल्याचा कागद आणलाय?' नातीला सांभाळायला कागद लागतो हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. सगळे गोड बोलले आणि सगळ्यांनी पुढचं दार दाखवलं.

मला डेला परत हवी. दुसरं काही नको. होत असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण, पण पुढचं दार दाखवू नकोस.

तुझी मावशी
जिन्सी


टालेक्वा
११ मार्च १९९४

आदरणीय जिन्सीमावशी,

तुमचं पत्र वाचायला मला अख्खी दुपार लागली. आपली चेरोकी अक्षरं मला येतात, पण बोट ठेवून ठेवून. तुम्ही रागावाल, पण हे उत्तर तुम्हाला शेजारच्या शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्यावं लागेल, कारण मी इंग्रजीतच लिहिते आहे. कुळ मात्र विसरलेले नाही. आईने तेवढं पक्कं केलं होतं.

मी 'हो' म्हणते आहे. कारण सांगते.

आपली मुलं पूर्वी अशीच गाडीत घालून नेली जायची आणि गोऱ्या घरांत वाटली जायची. त्याला आळा घालायला सोळा वर्षांपूर्वी वॉशिंग्टनने कायदा केला. त्याचा मथितार्थ एवढाच की मुलाचा बाप किंवा आई आपल्या राष्ट्राचे नागरिक असतील तर ते मूल कायद्याने आपलं. आणि ते मूल आपल्या जमिनीवर, आपल्या माणसाच्या ताब्यात राहत असेल, तर त्याचा निवाडा फक्त आपल्या राष्ट्राचं कोर्ट करू शकतं. आर्कान्साच्या न्यायाधीशाला तो अधिकारच नाही. ताबा कागदावर हवा असंही नाही, रीतीरिवाजाने असला तरी चालतो.

वेस्ली नागरिक होता आणि डेलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे. तुमचं घर तुमच्या आजोबांच्या वाट्याच्या, अजूनही बाहेर विकता न येणाऱ्या जमिनीवर आहे, म्हणजे आपल्याच हद्दीत. राष्ट्राचे वकीलही आपल्या बाजूने उभे राहतील, मी बोलले आहे.

फक्त एक गोष्ट मला कळत नाही. दत्तक देताना राष्ट्राला साधी नोटीसही आली नाही. का, तर निकालात एक ओळ आहे: 'आजीकडे फोनवर चौकशी केली असता मुलगी चेरोकी नसल्याचे समजले.' हे कुणी सांगितलं? त्यांनी खोटं लिहून ठेवलं असेल तर आपण अर्धी केस इथेच जिंकलो.

आणखी एक विचारते. डेलाला कुणी कुळात घेतलं होतं का? ते झालं असेल तर रीतीने ती तुमचीच, मग कुणाला बोलायला जागा नाही.

आपली
वायनीमा टीही


लीफ क्रीक
१९ मार्च १९९४

चि. वायनीमा,

मावशी म्हणतेस आणि वर 'तुम्ही' करतेस. ते आधी बंद कर.

त्यांनी खोटं लिहिलेलं नाही. मीच सांगितलं.

नोव्हेंबरात दुकानदाराचा पोरगा धावत आला की तुला फोन आहे. गोड आवाजाची पोरगी होती. 'आजी, डेला चेरोकी आहे का हो?' मी म्हटलं, 'नाही गं. तिची आई गोरी.' ती म्हणाली, 'पण वडील?' मी म्हटलं, 'बाप आमचा. पण बापाकडून काय येतं? नाक येतं. कुळ आईकडून येतं. आईलाच कुळ नाही तर पोरीला कुठून असणार?' तिने विचारलं, 'म्हणजे तुमच्या लोकांत ती तुमची धरत नाहीत?' मी म्हटलं, 'नाही धरत.' तिने आभार मानले आणि थंडीत काळजी घ्या म्हणाली. मला वाटलं शाळेच्या कामासाठी विचारतेय. डेलाची चौकशी करतेय म्हणजे ती कुठे आहे ते तरी सांगेल म्हणून मी नीट उत्तरं देत होते.

यात मी चुकीचं काय बोलले ते सांग. अग्नीभोवती आपण नाचतो त्या मैदानावर कुठल्याही म्हाताऱ्याला विचार. डेला माझ्यामागे नाचायची, माझी कासवाच्या पाठींची घुंगरं पायाला बांधून मागायची, पण कुळांच्या जागी बसायची वेळ आली की तिला जागा नव्हती. ती माझ्या मांडीवर बसायची. ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी तिला कमी लेखलं नाही, पण खोटीही जागा कोणी दिली नाही.

कुळात घ्यायचं राहूनच गेलं. आपल्या कुळातल्या बायकांनी अग्नीसमोर उभं राहून तिला नाव द्यायचं, एवढंच असतं ते. माझा भाऊ एमस अग्नी राखतो, तीसेक वर्षं झाली त्याला. त्याच्याशी बोलणंही झालं होतं. पण वेस्ली गेला तो उन्हाळा सुतकाचा. पुढच्या उन्हाळ्यात एमसचा गुडघा. म्हटलं, घाई काय आहे? पोर कुठे पळून जातेय?

जिन्सी


टालेक्वा
२८ मार्च १९९४

मावशी,

तुझं पत्र वाचून मी दार लावून बसले. ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडू? तू खरंच बोललीस. त्यांनी तुला वॉशिंग्टनच्या कायद्याचा प्रश्न विचारला आणि तू त्याला मैदानावरचं उत्तर दिलंस. असं उत्तर आपलंच माणूस देऊ शकतं. टालेक्वातली एखादी नटवी बाई असती तर ताबडतोब म्हणाली असती, 'हो, हो, चेरोकीच, माझी पणजी राजकन्या होती.'

पण धीर सोडू नकोस. ते 'नाही' आपल्याला बुडवणार नाही, जर न्यायाधीशाला कळलं की तू कोणत्या मापाने मोजून 'नाही' म्हणालीस. म्हणून आपण काहीही लपवायचं नाही. तू सांगायचं, डेलाला कुळ नव्हतं म्हणून मी नाही म्हणाले, मला कुळच विचारताहेत असं वाटलं. आणि मग सांगायचं की कुळ असो नसो, आई टाकून गेली की आजीने वाढवायचं ही आपल्याकडची रीत आहे. ती रीत म्हणजेच ताबा. कायद्याला तेवढं पुरतं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकमेकींना धरून उभ्या आहेत, मावशी. एक काढलीस तर दुसरी पडेल. तेव्हा पदरचं एक अक्षर घालू नकोस आणि एक अक्षर गाळू नकोस.

दत्तक रद्द करायचा अर्ज मी आर्कान्साच्या त्याच कोर्टात केला आहे, तारीख ९ जूनची मिळाली आहे. एमसमामालाही साक्षीला आणायचं आहे. रीत सांगायला त्याच्याइतकं मोठं माणूस आपल्याकडे नाही.

तुझी
वायनीमा


लीफ क्रीक
३० मे १९९४

चि. वायनीमा,

आम्ही तालीम करतो आहोत. एमस त्यांचा वकील होतो. त्यासाठी त्याने वेस्लीचा टाय घातला, उलटा, आणि माझ्याकडे बोट करून इंग्रजीत दरडावतो, 'बाई! पोरगी तुमची आहे का?' मी म्हणायचं, 'कुळाने नाही, पण वाढवली मी.' पहिल्यांदा आम्ही खूप हसलो. तो टाय त्याला पोटावर आडवाच पडतो.

काल मात्र मला ते वाक्य म्हणता आलं नाही. 'कुळाने नाही' इथपर्यंत आले आणि खुर्चीतून उठले. फोनवर म्हटलं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हटलं होतं. आता त्याचं काय झालं ते पाहिलंय ना. एमस म्हणाला, 'पाणी पी आणि परत म्हण.' मी परत म्हटलं. होईल. तू काळजी करू नकोस.

तिला कोर्टात आणतील का गं? आणणार नसतील तर बरं. आणि आणणार असतील तर मला आधी सांग, म्हणजे मी बरा झगा घालीन.

एमसचं वेगळंच चाललंय. अग्नीची गोष्ट गोऱ्यांच्या कोर्टात बोलायची हेच त्याला पटत नाही. म्हणतो, 'ते लिहून घेतील, मग ते त्यांचं होईल.' पण येईल तो. माझ्यासाठी येईल.

जिन्सी


टालेक्वा
१४ जून १९९४

मावशी,

तू हे काय केलंस?

चार दिवस मी तुला लिहायला बसते आणि उठते. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तू माझा हात दाबलास आणि मामासोबत ट्रकमध्ये बसून निघून गेलीस. मला बोलायला संधीच दिली नाहीस.

सगळं किती चांगलं चाललं होतं! तू फोनचं सांगितलंस, न्यायाधीश पुढे वाकून ऐकत होता. त्याने चक्क विचारलं, 'म्हणजे तुमच्यात बापाकडून काहीच येत नाही?' तू म्हणालीस, 'नाक येतं,' आणि तो हसला. मी मनात म्हटलं, आता हा माणूस आपला झाला. मग त्यांचा तो म्हातारा वकील, हॉल्कम, उठला. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, 'बाई, तुमचं दुःख मला कळतं. एकच सांगा. तुमच्या रीतीने ही मुलगी तुमची नाही, असंच ना?'

तू दाराकडे पाहिलंस. मीही पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे बाकावर डेला बसली होती, दत्तक घेणाऱ्या त्या बाईच्या शेजारी, केस कापलेली. तिला आत आणणार नव्हते म्हणून तर मी तुला सांगितलं नव्हतं. ती बाहेर असेल हे मला माहीत नव्हतं, शप्पथ.

आणि तू म्हणालीस, 'आमची आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिला कुळात घेतलं. अग्नीसमोर.'

हॉल्कमने लगेच मामाला बोलावलं. मला वाटलं, मामा तरी खरं बोलेल. त्याने हातातली टोपी मांडीवर ठेवली. मग तुझ्याकडे न बघताच म्हणाला, 'हो. मी होतो तिथे.'

मी उठून उभं राहायला हवं होतं. वकिलाला माहीत असेल की साक्ष खोटी आहे, तर ते न्यायाधीशाला सांगणं त्याचं कर्तव्य असतं. तुझं मार्चमधलं पत्र माझ्याकडे आहे, मला नुसतं वाटत नाहीये, मला माहीत आहे. मी बसून राहिले.

अजून वेळ गेलेली नाही. निकाल जुलैअखेर येईल. तुम्ही दोघं चला माझ्याबरोबर, आपण सांगू की पोरीला पाहून तुझा तोल गेला. तो न्यायाधीश माणूस आहे, समजून घेईल. नाहीतर मला एकटीला जाऊन सांगावं लागेल. उत्तर पाठव. लगेच पाठव.

वायनीमा


लीफ क्रीक
२० जून १९९४

चि. वायनीमा,

तुझ्या पत्रातला राग मी वाचून घेतला. शाळेतल्या बाईला काही ठिकाणी थांबावं लागलं, तीही आपल्यातलीच आहे. मी तिला म्हटलं, वाच गं, थांबू नकोस, माझंच आहे.

तू म्हणतेस माझा तोल गेला. नाही गेला. मी पूर्ण शुद्धीत होते. त्या वाक्याची मी महिनाभर तालीम केली होती, ते जिभेवर होतं. पण पोर काचेपलीकडे होती आणि 'आमची नाही' हे माझ्या तोंडून दुसऱ्यांदा निघेना. एकदा मी ते खरं म्हणून बोलले आणि त्यांनी मूल उचललं. आता तिच्या देखत परत बोलू? तिला ऐकू गेलं नसतं म्हणशील. मला गेलं असतं.

तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. तिने पायाने बाकाला लाथा मारणं थांबवलं, एवढंच पाहिलं.

आता एमसचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेला आणि त्याच्या हाताखाली काम शिकणाऱ्या यंगबर्डला म्हणाला, 'आजपासून अग्नी तू बघ.' त्याने विचारलं, 'का, मामा? गुडघा?' एमस म्हणाला, 'नाही. त्या अग्नीचं नाव घेऊन मी खोटं बोललोय. आता त्याला लाकूड घालायचा मला हक्क नाही.' सगळ्यांसमोर बोलला. गेल्या शनिवारी नाच होता. एमस आला, पण ट्रक रस्त्यावरच उभा केला आणि आत बसून राहिला. मी त्याला खायला नेऊन दिलं तर म्हणाला, 'तू जा ना आत.' मी कशी जाऊ? मीही बसले त्याच्याशेजारी. आमच्याशी कोणी वाईट वागलं नाही. येऊन बोलून जात होते, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं.

मला तो एका शब्दाने टाकून बोलला नाही, वायनीमा. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुला जे करायचं ते कर, तुझं पोट त्यावर आहे. पण माझं एक ऐक. निकाल येईपर्यंत थांब. डेला एकदा घरात येऊ दे, तिचे पाय या जमिनीला लागू देत. मग सांग तुझ्या न्यायाधीशाला, मला तुरुंगात घाल म्हणावं. तिथे तीन वेळा जेवण मिळतं असं ऐकलंय. आम्ही एवढं गमावलंय ते फुकट जाऊ देऊ नकोस.

मावशी


टालेक्वा
८ ऑगस्ट १९९४

मावशी,

आपण हरलो.

कसे हरलो ते तुला कुणीतरी सांगायलाच हवं, आणि ते मीच सांगितलेलं बरं. हे पत्र बाईंकडून वाचून घेऊ नकोस. मी आपल्या अक्षरांत लिहिते आहे, चुका पोटात घाल.

न्यायाधीशाने तुझ्यावर विश्वास ठेवला. तुझ्या आणि मामाच्या प्रत्येक शब्दावर. त्याने निकालात लिहिलंय की हे दोन वृद्ध साक्षीदार अत्यंत प्रामाणिक वाटले. मग पुढे लिहिलंय की ज्या अर्थी मुलीला उन्हाळ्यातच विधिपूर्वक कुळात घेतलं होतं, त्या अर्थी नोव्हेंबरात ती आपली आहे हे आजीला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने फोनवर 'आमची नाही' असं सांगितलं. म्हणजे ते अज्ञानाने नव्हतं. आजीने समजून उमजून मुलीवरचा हक्क सोडला. आणि जिने सोडला तिचा ताबा नाही, ताबा नाही तर मुलगी आपल्या हद्दीत राहत होती असं म्हणता येत नाही, आणि म्हणून आपल्या कोर्टाचा अधिकारही नाही. सगळं एका ओळीत पडलं.

डेलाला कुळ नव्हतं, हेच तर आपलं उत्तर होतं. तेच आपण आपल्या हाताने काढून टाकलं.

मी त्याच दिवशी न्यायाधीशाकडे गेले. तू थांब म्हणालीस म्हणून मी थांबले होते. खरं सांगायचं तर तुझ्यासाठी नव्हे, मला वाटत होतं की कदाचित जिंकू. माझ्यातल्या वकिलाला ते वाटत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, तुझं मार्चमधलं पत्र भाषांतरासह पुढे ठेवलं. हॉल्कमही होता. न्यायाधीशाने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, 'मिस टीही, नोव्हेंबरात ती एक बोलली, मार्चमध्ये एक, जूनमध्ये एक. आता मी कोणती जिन्सी ब्लॅकफॉक्स खरी धरू?' मी म्हटलं, 'मार्चमधली.' तो म्हणाला, 'हे तुम्ही जूनमध्ये सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं.' निकाल त्याने बदलला नाही. खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावर काही करणार नाही म्हणाला, तुमची वयं बघून. माझ्याबद्दल वकिलांच्या मंडळाला कळवलं आहे. ते योग्यच आहे.

वरच्या कोर्टात जायला मला आता तोंड नाही. राष्ट्राचे वकील म्हणाले, 'या नोंदींवर वर गेलो आणि तिथेही हरलो, तर पुढच्या प्रत्येक आजीच्या केसमध्ये हा निकाल आपल्या तोंडावर फेकतील.' त्यांचं बरोबर आहे.

तुला सांगायला माझ्याकडे एकच बरी गोष्ट आहे. डेला अठरा वर्षांची झाली की कायद्याने तिला स्वतःचे कागद मागता येतात. बाप कोण, राष्ट्र कोणतं, आपल्याला कुणी वाढवलं, ही केस, सगळं तिला वाचता येईल. त्या दिवशी ती तुझ्या दारात उभी राहू शकते. तोवर तू तब्येत सांभाळ.

मला माफ कर असं लिहीत नाही. कोणी कोणाला करायचं तेच कळत नाही.

वायनीमा


लीफ क्रीक
२ सप्टेंबर १९९४

चि. वायनीमा,

तुझी अक्षरं मी स्वतः वाचली. चुका आहेत, पण कळलं. तुझ्या आईला बरं वाटलं असतं.

तुझी वकिली जाणार असेल तर इकडे ये. जेवायला काय, दोघांत तिसरी. एमसला आता दिवसभर काम नसतं. तो दारात बसून काठ्या तासतो आणि तासून झाल्या की टाकून देतो. मी त्याला निकालाचं सांगितलं. प्रामाणिक वाटले असं लिहिलंय म्हटल्यावर तो हसला. किती दिवसांनी हसला, पण मला ते ऐकवेना. मी आत गेले.

तू ती अठरा वर्षांची गोष्ट मला बरं वाटावं म्हणून लिहिलीस ते कळतं. मलाही पहिल्या रात्री बरं वाटलं. मी हिशोब केला, मी ऐंशीच्या पुढे असेन, आमच्यात बायका जगतात तेवढ्या. ती दारात कशी उभी राहील, उंच झाली असेल, नाक वेस्लीचंच असेल, सगळं डोळ्यांसमोर आलं.

मग सकाळी उठले आणि लक्षात आलं की त्या कागदांत काय लिहिलंय.

पोरी, तू वकील आहेस, तूच वाचून बघ. त्यात असं लिहिलंय की आजीने तिला अग्नीसमोर नाव देऊन कुळात घेतलं. आणि चार महिन्यांनी, ती आपली आहे हे पक्कं ठाऊक असताना, आजी फोनवर म्हणाली की आमची नाही. न्यायाधीशाने सही केली आहे. ती शहाणी होईल, त्यांच्या शाळा चांगल्या आहेत, ती ते नीट वाचेल. माझं मार्चमधलं पत्रही तिथे असेल म्हणशील. पण त्या न्यायाधीशालाच कळलं नाही कोणती मी खरी, तर तिला कसं कळणार? आणि मी तेव्हा नसेन तर विचारणार कुणाला? तिला एवढंच कळेल की मला घेतलं होतं आणि मग टाकलं.

आत्ता तिला काय वाटत असेल? रविवारी आजीकडे परत जायचं होतं, कोणी नेलं नाही, आजीही घ्यायला आली नाही. तेवढंच. त्यातून पोरं सावरतात. हळूहळू मी तिला आठवणारही नाही.

मी तुला पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकच मागितलं होतं. आताही एकच मागते, तुझ्या हातात अजून सही असेपर्यंत. ते कागद डेलाच्या हाती कधीच पडू नयेत, असा काही अर्ज कोर्टात करता येत असेल, तर तो माझ्या नावाने कर.

मावशी